लेव्ह वायगॉटस्की : मुलाच्या शेजारी कोण बसलंय, असं विचारणारा शिक्षक

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तिसरीच्या वर्गाला शिकवत होतो. घटक चाचणीत एक प्रश्न होता, गटात न बसणारा शब्द ओळखा. शब्द चार : तवा, परात, कढई, पीठ. उत्तर सरळ होतं, पीठ. कारण बाकीची तिन्ही भांडी. एका मुलीने कढईवर गोल केला होता. आम्ही लाल पेनाने फुली मारली आणि पुढचा पेपर उचलला. तिचे असे आणखी दोन-तीन प्रश्न चुकले होते, म्हणून प्रगतिपुस्तकात शेराही लिहून टाकला, आकलन कमी.

पालकसभेला तिची अम्मी आली. ती घरी रोट्या करून खानावळींना पुरवते. स्वतः शाळेत फारशी गेलेली नाही. शेरा वाचून दाखवल्यावर तिने मान खाली घातली आणि मुलीला हळूच विचारलं की कढईवर गोल का केला. मुलीने सांगितलं की रोटीला पीठ लागतं, परात लागते, तवा लागतो. कढई लागतच नाही. आम्ही गप्प झालो. मुलीने चारही वस्तूंचा विचार केला होता, रोज पहाटे घरात जे दिसतं त्याच्या आधाराने केला होता आणि तिच्या हिशेबाने उत्तर बरोबर होतं. चूक एवढीच, की तो आमचा हिशेब नव्हता.

त्या रात्री आम्हाला बी.एड.च्या पुस्तकातलं एक नाव आठवलं. परीक्षेपुरतं पाठ केलेलं, मग विसरलेलं. लेव्ह वायगॉटस्की. डी.एड., बी.एड. किंवा टीईटी दिलेल्या प्रत्येकाला हे नाव माहीत असतं, पण माणूस माहीत नसतो. मुलाची बुद्धी त्याच्या डोक्यात एकटी वाढते की घर, मोहल्ला, भाषा आणि शाळा मिळून ती वाढवतात, या प्रश्नावर या माणसाने आपलं छोटं आयुष्य खर्च केलं. तेच आज वाचकांसमोर ठेवतो आहोत.

घर, वाचनालय आणि बंदिस्त वस्ती

वायगॉटस्की यांचा जन्म 17 नोव्हेंबर 1896 रोजी रशियन साम्राज्यातल्या ओर्शा या गावी एका ज्यू, म्हणजे यहुदी कुटुंबात झाला. हे गाव आज बेलारूस देशात आहे. मूल वर्षभराचं असताना कुटुंब जवळच्या गोमेल शहरात आलं. आठ भावंडांत लेव्ह दुसरा.

झारच्या राज्यात ज्यूंना हवं तिथे राहता येत नसे. त्यांच्यासाठी साम्राज्याच्या पश्चिमेचा एक पट्टा ठरवून दिलेला होता आणि गोमेल त्याच पट्ट्यात होतं. 1903 साली तिथे ज्यूंवर दंगल झाली. त्या वेळी लेव्ह सहा वर्षांचा होता. दंगल म्हणजे काय आणि ती लहान मुलाच्या कानामनात किती वर्षं राहते, हे आमच्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

पण बाहेर असं वातावरण असताना घरात मात्र एक वेगळी दुनिया होती. वडील बँकेत अधिकारी होते आणि शहरात सार्वजनिक वाचनालय उभं राहावं यासाठी त्यांनी पुढाकार घेतला होता. आईने शिक्षिकेचं शिक्षण घेतलं होतं, पण नोकरी न करता ती आठ मुलांना वाढवण्यात गुंतली. संध्याकाळी चहाला सगळं घर एका टेबलाभोवती बसायचं आणि पुस्तकं, नाटकं, बातम्या यांवर बोलणं चालायचं. लहानांनाही त्यात बोलायची मुभा होती. भाषा तर चहूबाजूंनी कानावर पडत होत्या : घरात रशियन, गावात यिद्दिश आणि बेलारूसी, धर्मग्रंथांसाठी हिब्रू.

सुरुवातीची काही वर्षं लेव्ह शाळेत गेलाच नाही. सोलोमन अश्पिझ नावाचे एक शिक्षक घरी येऊन शिकवत. त्यांची पद्धत न्यारी होती. ते उत्तर देत नसत, एकामागून एक प्रश्न विचारत, आणि उत्तर मुलालाच शोधावं लागे. पुढे वायगॉटस्कींनी जे मांडलं, त्याचं बी या घरातच पेरलं गेलं असावं असं आम्हाला वाटतं.

चिठ्ठीने उघडलेला दरवाजा

1913 साली लेव्ह सुवर्णपदकासह शालान्त परीक्षा पास झाला. मॉस्कोच्या विद्यापीठात ज्यू विद्यार्थ्यांसाठी फक्त 3 टक्के जागा होत्या. सुवर्णपदक असलं की त्यातली एक जागा मिळणार, अशी आजवरची रीत होती. नेमका त्याच वर्षी नियम बदलला. आता गुण बघायचे नाहीत, ज्यू विद्यार्थ्यांची नावं चिठ्ठ्या टाकून काढायची. आयुष्यभराची मेहनत एका चिठ्ठीवर येऊन थांबली. नशिबाने लेव्हच्या नावाची चिठ्ठी निघाली.

ज्या मुलांच्या नावाची चिठ्ठी निघाली नाही, त्यांचं काय झालं असेल? त्यांच्यात हुशार कमी होते असं कोण म्हणेल? पुढे बुद्धीच्या चाचण्यांवर वायगॉटस्की इतक्या सावधपणे का बोलत, हे समजायला ही चिठ्ठी उपयोगी पडते.

आधी त्यांनी वैद्यकीय शिक्षणाला नाव घातलं, पण थोड्याच दिवसांत कायद्याकडे वळले. सोबतच शान्याव्स्की लोकविद्यापीठात इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकले. साहित्याचं वेड असं की विद्यार्थी असतानाच शेक्सपिअरच्या हॅम्लेट नाटकावर एक प्रबंध लिहून काढला. 1917 साली शिक्षण संपवून ते गोमेलला परतले. त्याच वर्षी रशियात क्रांती झाली, झारशाही संपली आणि ज्यूंवरचे ते जुने निर्बंधही गेले.

गोमेलमध्ये ते शाळेत आणि अध्यापक विद्यालयात साहित्य आणि मानसशास्त्र शिकवू लागले. काळ युद्धाचा आणि उपासमारीचा होता. घरात आई आजारी, धाकटा भाऊ आजारात गेला, आणि 1920 च्या सुमारास खुद्द वायगॉटस्कींना क्षयरोगाने गाठलं. तेव्हा त्यावर औषध नव्हतं. पुढची सगळी वर्षं त्यांनी या आजाराच्या सावलीत काढली.

1924 च्या जानेवारीत आजच्या सेंट पीटर्सबर्ग शहरात मानसशास्त्रज्ञांची मोठी परिषद भरली. गोमेलसारख्या लहान गावातला हा 27 वर्षांचा मास्तर तिथे उभा राहून बोलला आणि ऐकणारे थक्क झाले. त्यांत अलेक्झांडर लुरिया नावाचा तरुण मानसशास्त्रज्ञ होता. वायगॉटस्कींना लगेच मॉस्कोच्या मानसशास्त्र संस्थेत बोलावणं आलं. सुरुवातीला राहायला मिळालं ते संस्थेच्या तळघरात. त्याच वर्षी रोझा स्मेखोवा यांच्याशी लग्न झालं. पुढे गिता आणि आस्या या दोन मुली झाल्या.

बाहेरून आत

मॉस्कोत त्यांनी जी कामं केली, त्यांत पहिलं मोठं काम अंध, कर्णबधिर आणि मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या मुलांचं होतं. त्यांचं म्हणणं असं की डोळे नसणं हा शरीराचा भाग झाला. पण त्यामुळे मूल खेळातून, गप्पांतून, शाळेतून बाहेर पडतं, हे त्याहून मोठं नुकसान आहे आणि ते माणसांनी केलेलं आहे. ब्रेल लिपी आली आणि वाचायला डोळेच हवेत ही अट गेली. वाट बदलली की मूल पोहोचतं.

इथून ते आपल्या मुख्य विचाराकडे आले. तान्हं बाळ एखाद्या खेळण्याकडे हात लांबवतं. हात पोहोचत नाही. आई बघते, समजते आणि खेळणं उचलून देते. असं अनेकदा झालं की बाळाला कळतं की हात लांबवणं हा आईला सांगायचा इशारा आहे. मग ते बोट दाखवायला शिकतं. इशाऱ्याला अर्थ आधी आईने दिला, बाळाला तो नंतर कळला. वायगॉटस्की म्हणत की मुलाची प्रत्येक वरची बौद्धिक शक्ती अशीच दोनदा दिसते : आधी दोन माणसांच्या मध्ये, मग मुलाच्या आत.

लक्षात ठेवण्याचंच घ्या. विसरू नये म्हणून माणसं रुमालाला गाठ मारतात, हे उदाहरण ते देत. आपल्याकडे दादी ओढणीच्या टोकाला गाठ मारायची. तस्बीहचे मणी तेच काम करतात, मोजण्याचा भार बोटांवर घेतात. ही साधनं कोणी एकट्याने शोधलेली नसतात, समाज ती मुलाच्या हातात ठेवतो. सगळ्यांत मोठं साधन म्हणजे भाषा. चार-पाच वर्षांचं मूल खेळताना स्वतःशीच बडबडतं. आता हे इथे ठेवू, हे पडलं, आता लाल घेऊ. आपण हसतो. वायगॉटस्कींनी दाखवून दिलं की काम अवघड झालं की ही बडबड वाढते. म्हणजे ती निरर्थक नाही, मूल बोलून विचार करतंय. मोठ्यांशी झालेलं बोलणं स्वतःकडे वळतं, मग हळूहळू आत जातं आणि त्याचाच मनातला विचार होतो.

म्हणून घरात मुलाशी कोण बोलतं, किती बोलतं आणि कशाबद्दल बोलतं, याला महत्त्व आलं.

त्यांची सर्वांत प्रसिद्ध कल्पना म्हणजे समीप विकासाचं क्षेत्र. नाव जड आहे, गोष्ट सोपी आहे. दोन मुलं आहेत. चाचणीत दोघंही 8 वर्षांच्या मुलाइतकी गणितं सोडवतात. आपण लिहून मोकळे होतो, दोघं सारखी. वायगॉटस्की तिथे थांबत नाहीत. ते दोघांनाही थोडी मदत करतात, एखादा प्रश्न, एखादी सुरुवात. आता एक मूल 9 वर्षांच्या मुलाची गणितं सोडवतं आणि दुसरं थेट 12 वर्षांच्या मुलाची. मग ती दोघं सारखी कशी? एकट्याने जमतं ते कालचं शिक्षण. मदतीने जमतं ते उद्याचं. शिक्षकाने उद्याकडे बघून शिकवावं, असा त्यांचा आग्रह होता.

दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांबद्दलही त्यांनी लिहिलं. दुसरी भाषा मुलाच्या बुद्धीला मारक ठरते असं म्हणणारे अभ्यासक तेव्हा होते. वायगॉटस्कींनी असा सरसकट निकाल दिला नाही. दोन भाषा मुलाला उभं करतात की अडवतात, हे ती कुठल्या परिस्थितीत आणि कशा शिकवल्या जातात यावर ठरतं, असं त्यांचं मत होतं. घरात उर्दू किंवा दखनी, शाळेत मराठी, आणि मराठी कच्ची म्हणून मूल कच्चं, असा शेरा ऐकलेल्या पालकांनी हे ध्यानात ठेवावं.

उझबेक गावातलं लाकूड

आता आमच्या कढईकडे येतो.

1931 आणि 1932 च्या उन्हाळ्यात लुरिया आपल्या सहकाऱ्यांसह उझबेकिस्तानच्या खेड्यांत गेले. योजना वायगॉटस्कींसोबत ठरलेली, पण आजारपणामुळे ते स्वतः जाऊ शकले नाहीत. हा सगळा मुस्लिम मुलूख. समरकंद याच देशातलं, जिथे 15 व्या शतकात उलुग बेगने वेधशाळा उभारली होती. पण गावातला कापूस पिकवणारा शेतकरी आणि घराबाहेर फारशी न पडणारी त्याची बायको, यांच्यापर्यंत शाळा पोहोचली नव्हती.

लुरिया चहाच्या दुकानात, शेकोटीभोवती लोकांशी गप्पा मारत आणि मध्येच कोडी घालत. एक कोडं असं : हातोडा, करवत, लाकडाचा ओंडका, कुऱ्हाड, यांत वेगळं काय? आपण म्हणू ओंडका, कारण बाकीची हत्यारं. गावकरी म्हणत की वेगळं काहीच नाही. ओंडकाच नसेल तर करवत आणि कुऱ्हाड काय कामाची? दुसरं कोडं अस्वलाचं. दूर उत्तरेला, जिथे बर्फ असतं तिथे सगळी अस्वलं पांढरी असतात. अमुक गाव उत्तरेला आहे, तर तिथलं अस्वल कुठल्या रंगाचं? बरेच जण सांगत की आम्ही तिथे गेलो नाही, जे पाहिलं नाही त्याबद्दल कसं बोलायचं.

याच गावांतले काही तरुण आणि काही बायका थोडे दिवस वर्गाला जाऊन आल्या होत्या. त्यांनी तीच कोडी शाळेच्या पद्धतीने सोडवली. गाव तेच, बिरादरी तीच, फरक काय तो थोड्याशा शिक्षणाचा. म्हणजे गटात न बसणारं ओळखणं ही जन्मजात हुशारी नाही. ती शाळेने लावलेली एक सवय आहे.

पण वायगॉटस्की आणि लुरिया यांची एक चूकही इथे सांगायला हवी. गावकऱ्यांचा विचार जुन्या, खालच्या पायरीवरचा आणि शाळेचा विचार वरच्या पायरीवरचा, अशी शिडी त्यांच्या मनात होती. त्या काळात सरकार गावोगावच्या जमिनी सामुदायिक शेतीत घेत होतं, उझबेक भाषेची अरबी लिपी बदलून लॅटिन केली गेली होती. अशा वेळी मॉस्कोहून आलेल्या पाहुण्याला, न पाहिलेल्या गोष्टीबद्दल मी बोलणार नाही, असं सांगणं हे अडाणीपणाचं लक्षण की शहाणपणाचं? आम्हाला तरी त्यात शहाणपण दिसतं.

मरण, बंदी आणि परत येणं

1930 नंतर मॉस्कोचं वातावरण बिघडत गेलं. उझबेक अभ्यासावर टीका झाली की यात तिथल्या लोकांचा अपमान आहे. लुरियांचं त्यावरचं पुस्तक छापून यायला 1974 साल उजाडलं. वायगॉटस्की रोगाशी झगडत शिकवत आणि लिहीत राहिले. 11 जून 1934 रोजी मॉस्कोत त्यांचं निधन झालं. वय अवघं 37. विचार आणि भाषा यांच्या नात्यावरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक त्याच वर्षी, त्यांच्या मृत्यूनंतर बाहेर आलं.

दोन वर्षांनी, 1936 च्या जुलैमध्ये सरकारी फर्मान निघालं आणि मुलांच्या अभ्यासाच्या त्यांच्या शाखेवरच बंदी आली. पुस्तकं वाचनालयांतून गेली. ज्यांच्या वडिलांनी वाचनालय उभं केलं, त्यांचीच पुस्तकं कपाटाबाहेर. थेट 1956 साली त्यांचं लेखन पुन्हा छापलं गेलं. 1962 मध्ये विचार आणि भाषा इंग्रजीत आलं, आणि 1978 मध्ये निवडक लेखांचा एक संग्रह आल्यावर जगभरचे शिक्षक ते वाचू लागले. आपल्याकडे शाळाशाळांत ज्ञानरचनावादाच्या नावाने जे फलक लागले, त्यामागे ज्यां पियाजे यांच्याबरोबर हेही एक नाव आहे. योगायोग असा की दोघांचं जन्मसाल एकच, 1896.

त्या संग्रहाच्या संपादकांपैकी मायकेल कोल आणि सिल्व्हिया स्क्रिब्नर यांनी पुढे वायगॉटस्कींची ती शिडीच तपासून पाहिली. पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात वाई नावाचे लोक आहेत, बहुतांश मुस्लिम. तिथे तीन प्रकारची साक्षरता होती : शाळेत इंग्रजी, कुरआनच्या मक्तबात अरबी, आणि वाई लोकांची स्वतःची लिपी, जी शाळेबाहेर आपसांत शिकली जाते. 1981 साली त्यांचं पुस्तक आलं. एका साक्षरतेने माणूस सगळ्याच बाबतीत हुशार होतो असं त्यांना दिसलं नाही. प्रत्येक शिक्षणाने आपापली ताकद दिली. शाळेत शिकलेले आपलं उत्तर का बरोबर, हे समजावून सांगण्यात पुढे. वाई लिपी जाणणारे चित्रांची चिन्हं जोडून वाचण्यात पुढे. आणि मक्तबात शिकलेले एकेक शब्द वाढवत क्रमाने लक्षात ठेवण्यात पुढे, जसं आयतीला आयत जोडत पाठ केलं जातं.

म्हणजे शिडी एक नाही. पण याचा अर्थ शाळा नको असा कोणी काढू नये. शाळेचा हिशेब येत नसेल तर परीक्षा, नोकरी, कचेरी यांचे दरवाजे बंद राहतात. मुलीला रोटीचा हिशेब येतो, ही तिची कमाई. शाळेचा हिशेब तिला कोणीतरी शेजारी बसून दाखवायला हवा होता, आणि ते काम आमचं होतं.

आपल्या घरात काय?

पालक आम्हाला नेहमी सांगतात की आम्ही शिकलेलो नाही, अभ्यास कसा घेणार. त्यांना आमचं सांगणं एवढंच. रोज जेवताना मुलाला विचारा की आज काय शिकलास, आणि ते तुम्हाला समजेपर्यंत सांगायला लावा. मध्ये अडवून का, कसं, असं विचारा. दादीला किस्से सांगू द्या. दुकानात सुट्टे पैसे मुलाकडून मोजून घ्या आणि मग तेच गणित वहीत मांडायला मोठ्या बहिणीला शेजारी बसवा. उर्दूत बोला, दखनीत बोला, पण बोला. मुलाच्या हातात मोबाईल देऊन घर शांत करणं सोपं आहे. त्या शांततेत त्याच्याशी बोलणारं कोणी उरत नाही.

आणि शिक्षकांनी एखाद्याच्या पुढे ढ लिहिण्याआधी त्याला एकदा मदत करून पाहावी, मग ठरवावं.

त्या वर्षापासून आम्ही गटात न बसणाऱ्या शब्दाच्या प्रश्नाखाली एक रिकामी ओळ सोडतो. तिथे मुलांनी कारण लिहायचं. कारण पटलं तर गुण देतो, आणि मग शाळेचं उत्तर कुठलं आणि का, तेही वर्गात सगळ्यांसमोर समजावतो. त्या मुलीला आम्ही ते गुण नंतर दिले, तिला शेजारी बसवून भांडी आणि जिन्नस यांचे गट करायला शिकवलं. दोन दिवसांत तिला ते जमलं. शेरा मात्र त्या प्रगतिपुस्तकात शाईने लिहिलेला होता. तो खोडून आम्ही खाली सही केली.